चरायला गेलेले फोन

आमच्या गावातले फोन सकाळी बकऱ्यांबरोबर चरायला जातात. नाकाडोंगरीपासून आत, जंगलाच्या कडेला हे गाव आहे. घरोघरी फोन आहेत, पण गावात टॉवरची रेंज पोचत नाही. गावामागच्या टेकडीवर अर्ध्या चढाला एक मोहाचे झाड आहे, त्याच्याखाली ती पोचते. शेजारच्या काकू रोज त्याच बाजूला बकऱ्या नेतात. कोणीतरी एकदा मुलाचा मेसेज येतो का पाहा म्हणून आपला फोन त्यांच्या हाती दिला. मग दुसऱ्याने दिला. आता त्यांच्या खांद्यावर एक कापडी पिशवी असते आणि वरच्या मोहल्ल्यातले बरेचसे फोन त्या पिशवीतून वर जातात. ओळखू यावे म्हणून कोणाच्या फोनला लोकर गुंडाळलेली असते, कोणाच्या कव्हरात लुगड्याची चिंधी असते.

सकाळी काकूंच्या दारात फोन जमा होतात तेव्हाचे बोलणे ठरलेले आहे.

"आज पिशवी हलकी दिसते वो काकू."

"तिघाहिनं चार्जिंगच नाही केली. राहतीन उपाशी."

"माया नीट चारजो. काल अर्धपोटी आणला."

"तुया फोनच खात नाही तसा. मालकावर गेला."

व्यवस्था साधी आहे. घरात बसून मेसेज बोलून ठेवायचा आणि पाठवायचे बटण दाबायचे. रेंज नसल्याने मेसेजच्या कोपऱ्यात घड्याळाचे चित्र येते. फोन झाडाखाली पोचला की घड्याळ जाऊन मास्तर उत्तरावर करतात तशी बरोबरची एक खूण येते. ज्याला पाठवला त्याच्या फोनवर पोचला की दोन खुणा येतात. संध्याकाळी फोन परत आला की बायका आधी खुणा पाहतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही खुणा कळतात.

आईला वाचता येत नाही. तिच्याकडे माझा जुना फोन होता. मी भंडाऱ्याला एका दैनिकात बातम्या तपासण्याचे काम करतो आणि सुटीच्या दिवशी गावी जातो. त्या फोनची साठवणूक आधीच कमी होती. गावातल्या आणि नात्यातल्या ग्रुपवरून सुप्रभातची फुले, लग्नपत्रिका, कोणाच्या तरी नातवाचा नाच असे सगळे न मागता त्यात येऊन पडायचे. फोन भरला की नवा मेसेज बोलता येत नाही. याला गावात पोट भरणे म्हणतात. पोट भरले की रिकामे करायचे, आणि रिकामे करण्याचाही एक नियम ठरून गेला होता. तो काकूंनी सांगितला की कोणीतरी काकूंना, ते आता कळत नाही. दोन खुणा आल्या की तो मेसेज आपल्या फोनवरून पुसायचा.

"पोस्टात टाकलं का पत्र घरी राहते काय?" काकू म्हणत. "गेलं ते गेलं. आपलं घर रिकामं."

आई पुसण्याचे काम काळजीने करायची. मेसेज दाबून धरला, कचऱ्याच्या डब्याचे चित्र दाबले की फोन विचारतो, सगळ्यांसाठी पुसू की फक्त तुमच्यासाठी. या दोन ओळी कुठे येतात ते तिने जागेवरून लक्षात ठेवले होते. मला तिने एकदा करूनच दाखवले. "खालची ओळ दाबावं लागते. वरची दाबली त बाईचंही जाते मनतेत. तिचं नाही गेलं पायजे."

बाई म्हणजे माझी ताई. ती नाशिकला एका रुग्णालयात परिचारिका आहे. आमचे वडील मँगनीजच्या खाणीवर मजुरीला होते. तापाने वारले तेव्हा ताई लहान होती आणि मी आईच्या पोटात होतो. त्यांचा एकही फोटो नाही. कोणाच्या लग्नातल्या घोळक्यातही नाही. ताईला आठवते ते एवढेच, की ती कोणाच्या तरी खांद्यावर बसली आहे आणि खाली डोक्याच्या केसांत काळी धूळ आहे. ते वडीलच असतील असे आम्ही धरून चाललो होतो.

आईला विचारले तर ती सांगत नसे. "होते मानसासारखे मानूस," म्हणायची आणि काहीतरी कामाला उठायची. मी शाळेत असताना, कॉलेजात असताना, नोकरीला लागल्यावर विचारले. प्रत्येक वेळी तेच वाक्य आणि तेच उठणे. ताईने तर विचारणे सोडूनच दिले होते.

मग रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत ताईच्या मुलीने तिला विचारले, आजोबा कसे होते. ताईने आईला मेसेज बोलून पाठवला. "आई, बाबा कसे होते ते सांग. एकदम नको सांगू. थोडं थोडं सांग, पण पहिल्यापासून सांग."

आईने तो मेसेज दोन-तीनदा ऐकला. दुसऱ्या दिवशी चिखलातून परत आल्यावर ती फोन घेऊन कोठ्यात, म्हणजे बैलांच्या गोठ्यात गेली, तणसाच्या ढिगावर बसली आणि बोलू लागली. त्यानंतर ती बहुतेक रोज गेली.

इतकी वर्षे जे समोरासमोर सांगता आले नाही ते तिला फोनला सांगता आले. याचे कारण ताईने पुढे सांगितले आणि मला ते पटते. तिच्यापुढे कोणी नव्हते. कोणी हं म्हणत नव्हते, मध्ये काही विचारत नव्हते, तोंडाकडे पाहत नव्हते. रेंज नव्हती हेच बरे होते. बोललेले लगेच कुठे जात नव्हते. उद्या बकऱ्या वर जाईपर्यंत ते तिच्याजवळच होते.

एका सुटीला मी गावी होतो. कोठ्याच्या कुडाबाहेरून जाताना तिचा आवाज ऐकू आला. एरवीपेक्षा हळू आणि सलग. मी थांबलो. माझी सावली आत पडली असावी, कारण ती गप्प झाली.

"काय गा, काय पायजे तुले?"

"काही नाही."

"हे बाईसाठी हाय."

"मलाही सांग ना."

"तुले सांगीन त तू पेपरात छापशील."

"नाही छापत."

"मंग कायले पायजे तुले?" ती म्हणाली आणि हसली. मी निघून गेलो. बाईकडून ऐकता येईल असा माझा हिशेब होता.

ताईच्या फोनचे पोट आईच्या फोनपेक्षा मोठे होते आणि तेही भरलेले होते. मुलीच्या शाळेचे व्हिडिओ, गॅदरिंग, ड्युटीच्या पाळ्यांचे कागद, सोसायटीचा ग्रुप. आईचे मेसेज येत, पण आवाज उतरवून घ्यायला जागा नसे. प्रत्येक मेसेजवर खाली तोंड केलेला एक बाण दिसत राही. तो दाबला की फोन जागा नाही म्हणे. मेसेज फोनपर्यंत आला की इकडे आईच्या फोनवर दोन खुणा उमटत. आवाज उतरला की नाही, याच्याशी त्या खुणांचा संबंध नसतो. हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हते.

मी फोन केला की ताईला विचारायचो.

"ऐकलंस का?"

"नाही रे. नुसते बाण आहेत. एकाखाली एक."

"काही काढून टाक ना फोनमधलं."

"काय काढू? पोरीचं पहिलं भाषण काढू?" मग ती म्हणाली, "आणि हे असं ड्युटीवर उभ्या उभ्या ऐकायचं नाही मला. निम्मं ऐकायचं आणि बेल वाजली की पळायचं. दिवाळीला येते आहे ना. मोहाखाली बसून सगळं एकदम ऐकीन. तोवर राहू दे वर."

वर, असे ती म्हणाली. सगळेच म्हणतात. आपल्या फोनवर जे नाही आणि तरी दिसते, ते वर कुठेतरी आहे असे आपण मानतो. गावात तर या शब्दात काही विचित्र वाटायचे कारणच नव्हते. फोन रोज वरच जात होते आणि मेसेज तिथूनच येत होते.

आई मला दर खेपेला विचारायची, "बाईनं ऐकलं काय?" मी फोनवरच्या खुणा पाहून सांगायचो की पोचले आहे. तिला तेवढे पुरत असे. ती खालची ओळ दाबून मेसेज पुसायची आणि पुढचा बोलायला जागा करायची. घरात कोणी चुकून ऐकू नये, हेही पुसण्यामागे होते.

पावसाळा सरता सरता काकूंच्या बकऱ्यांना खुरांचा आजार झाला आणि काही दिवस त्या टेकडीवर गेल्या नाहीत. फोनही घरीच राहिले. लोक कुरकुरले. कोणी म्हणाले, बकऱ्या लंगडतात तर काकूंनी एकटीने जावे. काकू म्हणाल्या, "एकटी त मी यमाकडेच जाईन. तिथी नेऊ काय तुमचे फोन?"

त्याच आठवड्यात आई सांदवाडीत, घरामागच्या वाडीत, वालाच्या शेंगा तोडताना पडली. उजवा हात आणि उजवा पाय गेला. तिला तुमसरला नेले, तिथून भंडाऱ्याला. ताई दुसऱ्या दिवशी आली. डॉक्टरांनी जे सांगितले ते तिला माझ्याआधी कळले. जीव वाचला होता. वाचा गेली होती.

ताईने रजा वाढवून घेतली. रुग्णालयातून सुटल्यावर आई माझ्या भंडाऱ्याच्या खोलीवर होती. ताई तिला उठवायची, बसवायची, हाताला व्यायाम द्यायची, आरसा धरून तोंडाचे आकार करून दाखवायची. हळूहळू दोन शब्द आले. एक "बाई" आणि एक "हो". तिसरा आला नाही. दिवाळी त्याच खोलीत झाली.

त्या दिवसांत मी ताईला मेसेजची आठवण केली होती. ती नको म्हणाली. ज्या आवाजासाठी आम्ही रोज तासन्‌तास खटपट करत होतो तो फोनमधून धडधाकट ऐकणे तिला सहन होणार नव्हते. "तिला गावी नेऊ," ती म्हणाली. "घरी गेली की तिला बरं वाटेल. मग ऐकू. राहू दे तोवर." मलाही तेच योग्य वाटले.

धान घरात आल्यावर आम्ही आईला गावी नेले. ओसरीत खाट टाकली. काकू भेटायला आल्या, खाटेवर बसल्या, आईचा लुळा हात आपल्या मांडीवर घेतला.

"काय वो, बोलणं सोडलं म्हणे तू? माया संगं भांडन कोन करन आता?"

"हो," आई म्हणाली.

"हो काय? हो मनून सुटते काय?"

आई हसली. अर्धे तोंड हसले.

दुसऱ्या दिवशी काकू आईजवळ थांबल्या आणि बकऱ्या व पिशवी आमच्या हवाली केली. ताईने आदल्या दिवशी बसून आपला फोन रिकामा केला होता. व्हिडिओ, कागद, ग्रुप, सगळे. मुलीचे भाषण तेवढे माझ्या फोनवर टाकले. मोहाखाली आम्ही बसलो. पिशवीतले फोन एकामागून एक वाजू लागले. ताईने आईचे नाव उघडले आणि अगदी वर जाऊन पहिला बाण दाबला.

गोल फिरला आणि थांबला. पडद्यावर ओळ आली. आवाज आता उपलब्ध नाही, पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा.

तिने दुसरा दाबला. तिसरा दाबला. मग ती मधूनच एक दाबू लागली, मग सगळ्यात खालचा. प्रत्येक वेळी तीच ओळ. मी फोन तिच्या हातून घेतला आणि पहिल्यापासून पुन्हा सगळे दाबले. कामाची सवय म्हणून. दुसऱ्याने तपासले म्हणून काही बदलले नाही.

"पुन्हा पाठवायला सांगा म्हणते," ताई म्हणाली.

बकऱ्या खाली उतरू लागल्या होत्या. आम्ही त्यांच्या मागे उतरलो.

पुढे मी कार्यालयात संगणकाची कामे पाहणाऱ्या सहकाऱ्याला विचारले. त्याने सांगितले ते असे. उतरवून न घेतलेला आवाज वर कायम राहत नाही. काही काळ ठेवतात, मग काढून टाकतात. तोवर पाठवणाऱ्याच्या फोनवर असेल तर तो पुन्हा पाठवू शकतो. आईच्या फोनवर काही नव्हते. नियमाप्रमाणे सगळे पुसलेले होते, आणि दर वेळी खालचीच ओळ दाबलेली होती. ताईच्या फोनवर उरलेले नुसते बाण त्याचा पुरावा होते.

टेकडीवरून उतरलो त्याच संध्याकाळी मी आईचा फोन शोधला. ती पडली तेव्हापासून तो फळीवर धान्याच्या डब्यामागे बंद पडून होता. चार्जिंगला लावला. ताईच्या नावाखाली एक मेसेज होता. त्यावर घड्याळ होते. बकऱ्या लंगडत होत्या त्या दिवसांतला, वर न गेलेला, म्हणून न पुसलेला.

आम्ही तो आईच्या खाटेजवळ बसून ऐकला. पुढे तो माझ्या फोनवर, कार्यालयातल्या संगणकावर आणि एका वेगळ्या कार्डावर घेतला, आणि शब्दशः उतरवून काढला. तो असा आहे.

"हां. काल जयंतीपर्यंत आलो होतो आपण. त तुया बाबाले गाता येत नोतं. आवाज असा का बैलबी मान वर करन. पन गान्याच्या पार्टीत जायचा लय सोस. पार्टीवाले मनत, तू गाऊ नोको बापा, तू बत्ती धर. मंग हा गॅसबत्ती डोक्यावर घेऊन उभा. तोच निळा शर्ट घालून. शर्टाचं त तुले सांगतलंच हाय. बत्तीवरचे किडे मानेवर पडत, पन हालत नोता. तू त्याच्या पायाशी गोधडीवर निजली राहे. त त्या वर्षी तो तुमसरवाला मानूस आला, ज्याचं परवा सांगतलं, त्यानं मनलं, याले एक डाव गाऊ द्या. बत्ती दुसऱ्यानं धरली. गायला हा. सारी पार्टी हासली. हाबी हासला. मी बायामंधी बसली होती. त्यानं माझ्याकडं पायलं. मले लाज आली, मी खाली पायलं." इथे बराच वेळ नुसती बैलाच्या गळ्यातली घंटी आहे. "खाली पाहाले नोतं पायजे मी. पुढच्या जयंतीले तो नोता. बाकीचं उद्या सांगीन. भात मांडाचा हाय."

ऐकताना आई आढ्याकडे पाहत होती. स्वतःचा आवाज तिने ओळखला हे नक्की, कारण डाव्या हाताने तिने पदर तोंडावर ओढून घेतला.

ताईने पदर बाजूला केला.

"आई, निळ्या शर्टाचं काय होतं?"

"हो."

"तू घेऊन दिला होता का?"

"हो."

"का त्यांच्या आईनं दिला होता?"

"हो."

"लग्नातला होता?"

"हो," आई म्हणाली. तिचे डोळे नाही म्हणत होते की काय, हे मला सांगता येणार नाही. तिने डावा हात खाटेच्या पाटीवर आपटला. एकदा, मग पुन्हा. ताईने विचारणे थांबवले.

आमच्या धंद्यात ज्या प्रश्नातच उत्तर असते त्याचे उत्तर धरत नाहीत. तुमसरवाला माणूस कोण होता, हे मी गावात दोघा-तिघा म्हाताऱ्यांना विचारले. तुमसरहून जयंतीला कोणी ना कोणी येतच असे, असे त्यांनी सांगितले. शर्ट कोणाला आठवत नाही. बत्ती धरणारा माणूस एकाला आठवला, पण तो त्याला आमचे वडील म्हणून आठवला की मी आधी सांगितले म्हणून, ते ठरवता आले नाही. आमच्याजवळ एका माणसाची एक संध्याकाळ आहे. त्याच्या आधीचे सगळे आईने पहिल्यापासून, क्रमाने सांगितले होते.

ताई नाशिकला परत गेली. आई गावीच राहिली, तिचे काकू आणि शेजारच्या बायका पाहतात. आता आईचा मेसेज आला की ती हातातले काम थांबवून आधी तो उतरवून घेते. आई मेसेज पाठवते. डाव्या अंगठ्याने माइकचे चित्र दाबून धरायला ती शिकली आहे. त्यात बोलणे नसते. श्वास असतो, कोंबड्या असतात, कधी बाहेरचे कोणी ओरडलेले असते, आणि कधी शेवटी "बाई" हा शब्द असतो. ताईने ते सगळे एका जागी ठेवले आहेत.

मागच्या सुटीला मी घरी असताना काकू फोन परत द्यायला आल्या. पोट भरल्याची खूण आली होती. खुणा पाहून पुसण्याचे काम आता काकूच करतात, कारण डाव्या अंगठ्याने वरची सोडून नेमकी खालची ओळ दाबणे आईला जमत नाही. त्या खाटेवर बसल्या, फोन आईच्या डोळ्यांपुढे धरला आणि बोटाने दाखवले.

"दोन आल्या वो. पोचलं बाईले." मग काकू थांबल्या. पूर्वी त्या थांबत नसत. "ठेवू काय, का पुसू?"

"हो," आई म्हणाली.

काकूंनी माझ्याकडे पाहिले. त्यांनी ग्रुपवर आलेली फुले तेवढी पुसली, एकेक करून, आणि फोन आईच्या उशाशी ठेवला.